जिन्यावरचा खटका

म्हात्र्यांच्या घरात काही शब्दांना उंबरा ओलांडायची बंदी होती. बांगडी कधी फुटत नसे, ती वाढत असे. मंगळसूत्राचा दोरा तुटत नसे, तोही वाढत असे. नारळ देवापुढे आपटून त्याची शकलं झाली, पाणी अंगणभर उडालं, तरी तो फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. आणि दिवा विझवायची भाषा दिवेलागणीला कुणी केली असती, तर बायजानं त्या माणसाला त्या दिवशी जेवायला वाढलं नसतं. 'दिवा वाढव' म्हणायचं आणि हळूच वात मागं ओढायची.

बायजा या घरातली थोरली सून. सासूनं मरताना तिच्या हाती किल्ल्या दिल्या आणि त्यांच्या जोडीला हे सगळे शब्दही दिले. किल्ल्या बायजा कधीमधी कोनाड्यात विसरायची, शब्द कधीच विसरली नाही. कुणाच्या तोंडून अभद्र काही निघू लागलं की ती खोकायची. त्या खोकल्याला अख्खं घर बिचकून होतं.

घर रेवदंड्याच्या खाडीकाठी, नारळीच्या वाडीत. खाली अंबाजी, म्हणजे बायजाचा नवरा, राहायचा. माडीवर त्याचा धाकटा भाऊ बाळाजी आणि बाळाजीची बायको कोकिळा. चूल एकच, खाली. वाडीच्या टोकाला दोघा भावांची भाताची गिरणी होती, आणि एकोणीसशे बत्तीस-तेहेतीसच्या सुमाराला अंबाजीनं त्या गिरणीच्या इंजिनाला वीज करायचं यंत्र जोडून घेतलं. दिवसा इंजिन भात सडायचं, दिवेलागणीला पट्टा बदलला की दिवे लावायचं. खाडीच्या दोन्ही काठांवर बाकी सगळा रॉकेलचा कारभार होता. त्यामुळे अंबाजी त्या दिवसांत जरा मान वर करूनच चालायचा, आणि एकदोनदा बांधावरून चिखलात गेला होता.

मुंबईत भात विकायला गेला असताना एका व्यापाऱ्याच्या घरी त्यानं जिन्यातला दिवा पाहिला होता. खालचा खटका दाबला की दिवा लागायचा, आणि वर पोचल्यावर वरचा खटका दाबला की तोच दिवा बंद व्हायचा. अंबाजी त्या घरात कामाशिवाय तीनदा वरखाली करून आला. तेव्हापासून त्याला आपल्या जिन्यात तसाच दिवा हवा होता.

तारा ओढायला मुंबईहून पास्कल आला. मूळ गोव्याकडचा, माझगावच्या गोदीत बोटींवर विजेचं काम केलेला, हात चांगला आणि स्वभाव गोड. मराठी तो मुंबईत शिकला होता, कामापुरती पक्की.

"जिन्यात दिवा पायजे," अंबाजीनं त्याला पडवीत बसवून सांगितलं. "खालनं लावला, का वर जाऊन वि..."

आतून बायजा खोकली.

"...वर जाऊन वाढवता आला पायजे," अंबाजी म्हणाला.

"वाढवता?" पास्कलनं पेन्सिल कानावरून काढली. "नक्की वाढवायचा, शेट?"

"मंग? लावलेला दिवा वाढवायला नको?"

"वाढवायलाच पाहिजे," पास्कल खूश होऊन म्हणाला. "मुंबईत लोक नुसता लावतात आणि बंद करतात. वाढवायला कोण सांगत नाही."

आत बायजानं हे ऐकलं आणि मुंबईत काही रीतभात उरली नाही याची तिला पुन्हा एकदा खात्री पटली. तिथल्या दिव्यांची तिला कीवच आली.

पास्कलनं मन लावून काम केलं. जिन्याच्या वरच्या अंगाला त्यानं एक लाकडी पेटी ठोकली आणि तिच्यात तारेचं वेटोळं बसवलं. खालचा खटका दाबला की वीज त्या वेटोळ्यातून जायची आणि दिवा मंद लागायचा. वरचा खटका दाबला की वेटोळं वगळून थेट जायची आणि दिवा लख्ख व्हायचा. म्हणजे वाढायचा. सांगितलं होतं ते त्यानं तंतोतंत केलं होतं. दुपारच्या आगबोटीनं परत जाताना तो अंबाजीला म्हणाला, "शेट, खालनं लावा, वर जाऊन वाढवा." अंबाजी म्हणाला, "अगदी बरोबर." दोघं एकमेकांवर इतके खूश होते की अंबाजीनं त्याला शहाळी बांधून दिली. जाता जाता पास्कलनं बायकांना बजावलं की खटक्याला ओला हात लावायचा नाही.

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. अंबाजीनं नारळ वाढवला, खालचा खटका दाबला, आणि जिन्यात मंद, पिवळा दिवा लागला. सगळ्यांनी हात जोडले. मग मानाचा म्हणून बाळाजी जिना चढून वर गेला आणि त्यानं वरचा खटका दाबला.

जिना पेटल्यासारखा उजळला. तुळईवरची जळमटं दिसली, फळीवर ठेवलेली आणि विसरलेली खारातल्या मिरच्यांची बरणी दिसली, अंबाजीचं टक्कल तर फार दिसलं. दिवा नव्यानं लागला असं समजून सगळ्यांनी पुन्हा हात जोडले.

"बाळाजी, वाढव म्हणतोय," अंबाजी खालून म्हणाला.

"वाढवतोय दादा, वाढत न्हाय."

"जोरात दाबत असशील. हळू दाब."

बाळाजीनं हळू दाबला. दिवा मंद झाला. "जमतंय, अजून हळू," अंबाजी म्हणाला. बाळाजीनं अजून हळू दाबला आणि दिवा पुन्हा डोळ्यांत घुसला. असा बराच वेळ गेल्यावर अंबाजीनं चिडून खालूनच दिवा वाढवला, आणि बाळाजीला खटका दाबता येत नाही असा निकाल दिला.

आता कुणीही म्हणेल की थोरल्यानं स्वतः वर जाऊन पाहायचं होतं. पण धाकट्या भावाच्या बायकोचं बिऱ्हाड वर होतं, आणि थोरल्या दिरानं तिथं पाऊल टाकायची रीत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून कोकिळा अंबाजीसमोर पदर पुढं ओढल्याशिवाय आली नव्हती आणि त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्यामुळे वरच्या खटक्याला अंबाजीचं बोट कधी लागलंच नाही. बायकांचं म्हणाल, तर दिवेलागणीला कुठल्या बाईचे हात कोरडे असतात? खटका म्हणजे पुरुषांचं काम, असं त्या घरात ठरून गेलं.

मग रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. बाळाजी वर जाऊन दिवा वाढवायला बघायचा, तो भडकायचा. खाली पडवीत बसलेल्या अंबाजीला वाटायचं, धाकटा मुद्दाम आपल्या डोळ्यांवर उजेड मारतोय, वीज जाळतोय. तो उठून खालचा खटका दाबायचा. वर बाळाजीला वाटायचं, दादा मुद्दाम अंधार करतोय, कारण दिवा त्याच्या हौसेचा. वरून वरचा खटका कितीही दाबला तरी खालनं बंद केलेला दिवा लागायचा नाही. भांडण झालं की आपण खटका उडाला म्हणतो, पण इतक्या खऱ्याखुऱ्या खटक्यावरून दुसरं कुठलं घर भांडलं असेल असं वाटत नाही.

एका संध्याकाळी बाळाजी सुकटीची टोपली घेऊन माडीवरून उतरत होता आणि तो मध्यावर असतानाच अंबाजीनं खाली दिवा वाढवला. बाळाजीचा पाय चुकला. तो उरलेला जिना बसूनच उतरला, आणि टोपली त्याच्याआधी उतरली ती खटक्यापाशी उभ्या अंबाजीच्या डोक्यावर. बायजा कंदील घेऊन धावली. पाहते तर नवऱ्याच्या टकलावर, कानांवर, मिशीत सुकट, आणि तो तशा अवतारात गंभीरपणे म्हणतोय, "बघितलंस? हात उगारला यानं माझ्यावर."

बायजाला हसू आवरलं नाही. ती भिंतीला टेकून हसली. बाळाजीचा गुडघा फुटला होता हे तिला नंतर दिसलं. जिन्याच्या तोंडाशी आलेल्या कोकिळेला मात्र आधी नवऱ्याचा गुडघा दिसला, आणि मग हसणारी जाऊ.

त्या दिवसापासून कोकिळा गप्प झाली. भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले त्याचं बायजाला इतकं काही वाटलं नव्हतं. पुरुष बोलले काय, न बोलले काय, इंजिन चालत होतं. पण कोकिळेची गोष्ट वेगळी होती. तिला या घरात आणली होती बायजानंच. पालीला बल्लाळेश्वराच्या जत्रेत पाळण्यात बसून मोठ्यानं हसणारी मुलगी बायजानं पाहिली आणि तिथंच ठरवलं की ही आपल्या घरी हवी. घरात तोवर सगळे पुरुष आणि आजारी सासू, हसायला कुणी नव्हतं. कोकिळा आली आणि चुलीपुढं दोघींची जोडी जमली. कोकिळा तांदळाच्या भाकऱ्या थापायची, बायजा भाजायची, आणि दोघी मिळून गावातल्या झाडून सगळ्यांची थट्टा करायच्या. बायजाला मूलबाळ नव्हतं. दिवसातली ती भाकऱ्यांची वेळ तिची फार लाडकी होती.

आता कोकिळा भाकऱ्या थापून मुकाट्यानं वर जायची. मग एका सकाळी बायजा सुपारी वाळत घालायला मागच्या अंगाला गेली, तर माडीच्या सज्जात कोकिळा मातीची चूल लिंपत बसलेली. ओली, नवी चूल. बायजा खालून बघत राहिली. कोकिळेनं पाहिलं आणि मान फिरवली.

त्याच संध्याकाळी अंबाजीनं सांगितलं, "बाळाजी येगळा होतोय. त्यानं विचारलं, मी व्हय म्हटलं. पास्कलला निरोप धाडलाय. वरच्या तारा येगळ्या, खालच्या येगळ्या. ज्याचा खटका त्याच्याकडं."

"आणि चूल?" बायजानं विचारलं.

"ती बी."

बायजा त्या रात्री जेवली नाही. कुणी विचारलंही नाही, कारण विचारणारी वर होती.

पास्कल आला तो हसतमुखानं, खांद्यावर तारेची भेंडोळी. अंबाजी गिरणीवर होता, बाळाजी खाडीत उभ्या पडावावर पोती चढवायला गेला होता. बायजानं त्याला पडवीत चहा दिला. पेला ठेवताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पदर लावला, पण पास्कलनं पाहिलं.

"काय झालं, बाय?"

बायजाला सांगायचं होतं की घर मोडतंय. पण तो शब्द तिच्या तोंडून निघेना. सासूनं दिलेले सगळे शब्द आडवे आले.

"घर वाढतंय रे बाबा आमचं," ती कशीबशी म्हणाली.

"वाढतंय?" पास्कलचा चेहरा फुलला. "वा! मग रडता कशाला? किती खोल्या वाढवायच्या? शेटनं निरोपात काय कळवलं नाही, मी तार कमी आणली."

बायजा त्याच्याकडं बघत राहिली. हा माणूस चेष्टा करतोय की काय, असं क्षणभर तिला वाटलं. मग राग आला. "खोल्या न्हाय रे. वाढतंय मंजे... बांगडी वाढते तसं."

"बांगडी वाढते? हात जाडा झाला तर वाढवून घेतात, तसं?"

"अरे देवा. बांगडी दगडावर आपटली मंजे काय होतं?"

"फुटते."

बायजा खोकली.

पास्कलनं पेला खाली ठेवला. जिन्याकडं पाहिलं, मग बायजाकडं. "म्हणजे तुम्ही फुटण्याला वाढणं म्हणता?"

"मंग काय म्हणायचं?"

"म्हणून शेट त्या दिवशी मला म्हणाले, आज नारळ वाढवायचाय. मला वाटलं, झाडाला खत घालणार." तो आता अगदी हळू बोलू लागला. "बाय, एक सांगा. दिवा वाढवायचा म्हणजे?"

"मंजे तेच की."

"तेच म्हणजे विझ..."

बायजा इतक्या जोरात खोकली की वाडीतला कावळा उडाला.

पास्कल मटकन पायरीवर बसला. त्यानं टोपी काढली आणि वरच्या लाकडी पेटीकडं बोट करून सगळं सांगितलं, वेटोळ्याचं आणि लख्ख उजेडाचं. बायजाला वेटोळं कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं. बाळाजी खरोखर रोज दिवा वाढवत होता. त्यांच्या अर्थानं नव्हे, पास्कलच्या. आणि पास्कलला तो शब्द मिळाला होता तिच्या एका खोकल्यामुळे. आधी तिला लाज वाटली, आणि मग हसू आलं, तेच सुकटीच्या दिवशीचं. पण या वेळी तिनं ते आवरलं. घरात एकदा हसून पाहिलं होतं, पुरे झालं.

"आता नीट होईल?" तिनं विचारलं.

"दिवा होईल," पास्कल म्हणाला. "घराचं मला कळत नाही."

त्यानं वेटोळं काढून टाकलं. दोन्ही ठिकाणी दोन तोंडांचे खटके बसवले, आणि खालपासून वरपर्यंत आणखी एक तार ओढली. "आता दोन्ही खटके एकमेकांना विचारून चालतात," त्यानं बायजाला समजावलं. वर काम करताना कोकिळेनं त्याला काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं तिलाही सगळं सांगितलं, अगदी नारळाच्या खतासकट. खाली बायजा वरून काही ऐकू येतं का म्हणून कान देऊन उभी राहिली. एक शब्द आला नाही. नंतर काहीतरी धपकन पडल्याचा आवाज तेवढा आला. पास्कलची हातोडी असेल असं बायजाला वाटलं.

दिवेलागणीला दोघे भाऊ आले. एक अंगणाच्या या टोकाला उभा राहिला, एक त्या टोकाला. पास्कलनं आपली चूक सांगितली. बायजानं मध्येच थांबवून शब्द आपला होता म्हणून सांगितलं.  अंबाजीला या सगळ्यात एकच गोष्ट पटायला जड जात होती.

"मंजे हा हळूच दाबत होता?" त्यानं विचारलं.

"हळूच दाबत होतो," बाळाजी म्हणाला.

इंजिन सुरू झालं. पास्कलच्या सांगण्यावरून बाळाजी लंगडत वर गेला आणि अंबाजी खालच्या खटक्यापाशी उभा राहिला. अंबाजीनं दाबला, दिवा लागला. सगळ्यांनी हात जोडले. बाळाजीनं वरून दाबला, दिवा गेला. अंबाजीनं खालून लावला. बाळाजीनं वरून वाढवला. मग बाळाजीनं वरून लावला आणि अंबाजीनं खालून वाढवला. दोघांना त्याची गंमत वाटू लागली. लाव, वाढव, लाव, वाढव, आणि दर वेळी पास्कलसुद्धा बिचारा हात जोडत होता, आपल्याला यातलं काही कळत नाही तर निदान रीत तरी पाळावी म्हणून. शेवटी अंबाजी वरच्या अंधाराकडं बघून म्हणाला, "बाळाजी, जरा हळू दाब," आणि वरून बाळाजीचं हसू ऐकू आलं.

बायजा मात्र हसली नाही. तिचं लक्ष तारेच्या त्या भेंडोळ्यांकडं होतं. भाऊ हसले म्हणून वरची चूल काही खाली येत नव्हती. चूल कोकिळेनं लिंपली होती, आणि कोकिळा अजून बोलली नव्हती. 

"मग शेट," पास्कलनं विचारलं, "वेगळ्या तारा ओढायच्या का?"

अंबाजीनं घसा साफ केला. धाकट्यानं मागितलं होतं, आपण होकार दिला होता, आता माघार कुणी घ्यायची हे त्याला सुचेना. वर बाळाजीचंही तेच झालं असावं.  त्या घोळात दिवा वाढलेलाच राहिला होता आणि जिना काळोखात होता.

"दादा," वरून एक बाईचा आवाज आला.

अंबाजी दचकला. या घरात आल्यापासून त्या आवाजानं त्याला कधी हाक मारली नव्हती. त्यानं गोंधळून बायजाकडं पाहिलं, जणू उत्तर तिनं द्यायचं.

"दादा, दिवा लावा," कोकिळा म्हणाली. "मला खाली यायचंय. भाकऱ्या थापायच्या हायत."

अंबाजीनं घाईघाईनं खटका दाबला आणि लगेच मान खाली घालून पडवीत निघून गेला, रीत म्हणून, आणि डोळे पुसायला म्हणूनही. कोकिळा पदर सावरत उतरली. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत माती लागली होती. बायजानं त्या हातांकडं पाहिलं.

"आणि ती वरची चूल गो?" तिनं विचारलं. 

"वाढवली," कोकिळा म्हणाली.

पास्कल पायरीवर अवजारं गोळा करत होता. त्याचा हात थांबला. त्यानं एकदा या जावेकडं पाहिलं, एकदा त्या जावेकडं, आणि फार जपून विचारलं, "म्हणजे मोठी केली, की..."

दोघी एकदम खोकल्या. मग कोकिळा जत्रेतल्यासारखी मोठ्यानं हसली, आणि हसत हसत बायजाला धरून आत घेऊन गेली, कारण पीठ अजून मळायचं होतं.